मणक्यात कॅन्सर पसरलाय आणि डॉक्टर छोट्या छेदाचं ऑपरेशन म्हणतायत, तर घरच्यांनी काय काय करायचं

आमच्या आईला ब्रेस्ट कॅन्सर होऊन सहा वर्षं झाली होती, सगळी ट्रीटमेंट पूर्ण झालेली, घरात तो विषय कोणी काढत पण नव्हतं. मग नवरात्राच्या आधी घर धुताना पाठीत चमक भरली म्हणाली. आम्ही कोपरखैरणेला राहतो, दुसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे पाठ दुखणं हे आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाईचंच दुखणं आहे, कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. बाम झाला, शेक झाला, शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या एका माणसाकडून मालीश झालं, एका डॉक्टरने एक्सरे काढून वयाप्रमाणे झीज आहे म्हणून गोळ्या दिल्या. यात सात आठवडे गेले. ते सात आठवडे मला अजून टोचतात म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय, कारण हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर मला ठाण्याचे, कळव्याचे, पनवेलचे असे किती तरी लोक भेटले ज्यांची गोष्ट अगदी हीच होती.

तर पहिली गोष्ट. ज्या माणसाला आधी कधीही कॅन्सर झालाय, मग तो दहा वर्षांपूर्वीचा असला तरी, त्याची पाठदुखी ही आपल्यासारखी पाठदुखी समजायची नाही. साध्या पाठदुखीत आडवं पडलं की बरं वाटतं, यात उलट रात्री जास्त दुखतं, झोपेतून उठवतं. आई म्हणायची छातीभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं होतंय, आम्ही तिला अॅसिडिटीची गोळी द्यायचो. हाडात पसरणाऱ्या कॅन्सरचं सगळ्यात आवडतं ठिकाण मणकाच आहे, त्यातही पाठीचा मधला भाग जास्त, आणि ब्रेस्ट, फुफ्फुस, प्रोस्टेट, किडनी, थायरॉइड हे मणक्यात जाणारे नेहमीचे. आईने डॉक्टरांना विचारलं होतं की छातीतला आजार पाठीत कसा गेला, तर त्यांनी छान समजावलं, मणक्याभोवती शिरांचं एक जाळं असतं त्यात झडपा नसतात, म्हणून रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं आणि त्या वाटेने पेशी मणक्यात जाऊन बसतात असं एक कारण मानतात. बॅटसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४० मध्येच हे मांडलं होतं.

आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. हाडाचा ३० ते ५० टक्के भाग पोखरला जाईपर्यंत साध्या एक्सरेत काही दिसत नाही. एमआरआय लागतो, आणि तो पण फक्त कमरेचा नाही तर मानेपासून खालपर्यंत सगळ्या मणक्याचा, कारण एका ठिकाणी सापडलं तर दुसरीकडे पण असू शकतं आणि ऑपरेशन ठरवताना सर्जनला ते माहीत असावंच लागतं. एमआरआयला जाताना मंगळसूत्र, जोडवी, चमकी घरीच काढून ठेवा. आईची जोडवी सूज आल्यामुळे निघेनात, तिथे सगळे ताटकळत आणि आम्ही साबण लावत बसलो. मंगळसूत्र काढायला ती तयार नव्हती, मग सिस्टरनीच सुचवलं म्हणून काळा दोरा बांधला तेव्हा शांत झाली. आणि हो, संशय असेपर्यंत मालीश, पाठ मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन चालवून घेणं पूर्ण बंद. आतून पोखरलेला मणका दाबाने बसू शकतो.

आता जे लिहितोय ते नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. पायात जडपणा, चालताना तोल जाणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा न कळत होणं, यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. याचा अर्थ गाठ मज्जारज्जूवर, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या मुख्य दोरीवर, दाबत असू शकते. पाय थोडे चालू असताना पोचलात तर पाय टिकायची शक्यता चांगली असते, पूर्ण गेल्यावर परत येणं फार कठीण. १०८ ला फोन करा, पेशंटला रिक्षात दुमडून बसवू नका. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या सांगा की आधी कॅन्सर होता आणि आता पाय कमजोर झालेत, हे वाक्य पाठच करा, नुसतं पाठ दुखते म्हणालात तर लाइनीत बसाल. तिथे बहुतेक वेळा डेक्साचं इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइड सुरू करतात, मज्जारज्जूची सूज उतरायला. शुगर असेल तर त्याने भडकते, आईची पण भडकली होती, तेव्हा शुगर तपासायला सांगा, आणि घरी गोळ्या दिल्या तर त्या एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा कमी करायच्या.

बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं पण विचारून घ्या. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर आहे आणि तो एमआरआयवर कधी कधी कॅन्सरसारखाच दिसतो. शिवाय जुना कॅन्सर असला तरी नव्या जागेतल्या पेशी बदललेल्या असू शकतात, ब्रेस्टमध्ये हार्मोनचे रिसेप्टर सहा वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह होते म्हणजे आता पण असतीलच असं नाही, आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं. ऑपरेशन होणार असेल तर बायोप्सी त्याच वेळी घेता येते. जुन्या गाठीच्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने, म्हणजे ब्लॉक आणि स्लाइड, जिथे पहिली ट्रीटमेंट झाली तिथून मागवून ठेवा, आम्हाला त्यासाठी तीन चकरा पडल्या.

मग येतं ऑपरेशन. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असतो आणि तो आमचा पण होता. काकांनी पहिला प्रश्न विचारला, डॉक्टर गाठ पूर्ण निघेल ना? डॉक्टर म्हणाले, आपण ती पूर्ण काढण्यासाठी हे करतच नाही आहोत. मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन बहुतेक वेळा कॅन्सर बरा करायला नसतं, ते दुखणं कमी करायला, मोडकळीला आलेला मणका धरून ठेवायला आणि मज्जारज्जू मोकळा करायला असतं, म्हणजे माणूस स्वतःच्या पायांनी संडासला जाईल, खुर्चीत बसून जेवेल, आणि पुढची रेडिएशन, औषधं घेण्याच्या अवस्थेत राहील. कॅन्सरशी लढायचं काम रेडिएशन आणि औषधांचं. हे एकदा घरातल्या सगळ्यांना समजलं की निम्मी भांडणं कमी होतात, नाहीतर ऑपरेशननंतर कोणीतरी मामा येऊन म्हणतोच की एवढे पैसे घालून गाठ तशीच ठेवली.

ऑपरेशनचा उपयोग होतो का, तर होतो. २००५ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये १०१ पेशंटचा एक अभ्यास आला होता, ज्यांच्या मज्जारज्जूवर कॅन्सरचा दाब होता त्यांच्यापैकी अर्ध्यांना फक्त रेडिएशन आणि अर्ध्यांना ऑपरेशन करून मग रेडिएशन. ऑपरेशनवाल्यांपैकी ८४ टक्के नंतर चालू शकले, फक्त रेडिएशनवाल्यांपैकी ५७ टक्के. ते ऑपरेशन मोठ्या छेदाचं होतं हे खरं, पण मज्जारज्जू मोकळा करण्याचं महत्त्व त्यातून कळलं. आणि ज्यांचे पाय पूर्ण जाऊन ४८ तासांहून जास्त झाले होते त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, म्हणून वर वेळेबद्दल एवढं लिहिलं.

छोट्या छेदाचं ऑपरेशन म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगतो, कारण याला लोक सरसकट दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात आणि ते दर वेळी दुर्बिणीचं नसतं. पूर्वी पाठ मधोमध लांब उघडून, स्नायू हाडापासून सोडवून स्क्रू बसवायचे. आता पेशंटला पालथं झोपवून, पूर्ण भूल देऊन, सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्सरे मशीनवर सतत बघत बघत त्वचेत एकेक बारीक छेद घेतात, त्यातून आधी तार, मग तारेवरून स्क्रू मणक्यात जातो, आजारी मणक्याच्या वर आणि खाली असे, आणि मग स्नायूंच्या खालून सळी सरकवून सगळे स्क्रू जोडतात. पडक्या भिंतीला टेकू देतात तसं. हाड ठिसूळ असेल तर स्क्रूमधूनच सिमेंट सोडतात म्हणजे तो पकडून राहतो. हे सिमेंट म्हणजे गुडघे बदलताना वापरतात त्याच जातीचं, टूथपेस्टसारखं घट्ट असताना भरतात आणि थोड्या वेळात कडक होतं. मज्जारज्जूवर दाब असेल तर त्या जागी थोडा मोठा छेद घेऊन फक्त मज्जारज्जूभोवतीची गाठ काढतात, गाठ आणि मज्जारज्जू यात दोन-तीन मिलिमीटर जागा करतात, कारण तेवढी जागा असली की नंतर नेमकं, जोरदार रेडिएशन मज्जारज्जूला धक्का न लावता देता येतं. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं होतं की सगळी धडपड दोन-तीन मिलिमीटरसाठी आहे.

काही जणांना एवढं पण लागत नाही. मणका नुसता दबलाय, पाय ठीक आहेत, दुखणं मात्र भयंकर, अशा वेळी सुईनेच मणक्यात सिमेंट भरतात, कधी आधी फुगा फुगवून जागा करतात, कधी सुईतून उष्णता देऊन गाठ जाळतात आणि मग सिमेंट. सिमेंट भरायची ही पद्धत फ्रान्समध्ये १९८४ मध्ये पहिल्यांदा केली, म्हणजे प्रयोग म्हणून नवीन काही नाही. धोका विचारा मात्र, सिमेंट थोडं बाहेर गळू शकतं, बहुतेक वेळा त्रास होत नाही पण क्वचित नसेवर किंवा फुफ्फुसात जाऊ शकतं.

छोट्या छेदाचा खरा फायदा कॅन्सरच्या पेशंटला जास्त होतो असं माझं मत झालंय. रक्त कमी जातं, जखम लहान, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेडिएशन आणि केमो लवकर सुरू करता येते, मोठी जखम भरेपर्यंत थांबावं लागत नाही. पण हट्ट धरू नका. बरेच मणके गेलेत, पाठ खूप वाकलीय किंवा दाब मोठ्या भागावर आहे तर सर्जन उघडूनच करायला सांगतील आणि ते बरोबर असतं. आणि लिम्फोमा, मायलोमासारखे रक्तपेशींच्या कॅन्सरचे काही प्रकार रेडिएशनला इतके पटकन विरघळतात की मणका मजबूत असेल तर ऑपरेशन लागतच नाही.

मणका मजबूत आहे की नाही हे अंदाजाने ठरवत नाहीत, त्याचा सिन्स नावाचा स्कोअर असतो, जागा, दुखणं, हाड कसं पोखरलंय, किती दबलंय वगैरेवरून १८ पैकी मार्क. ६ पर्यंत म्हणजे स्थिर, ७ ते १२ मधलं, १३ किंवा त्याच्या वर म्हणजे अस्थिर. मी सरळ विचारलं, सर आईचा सिन्स किती? डॉक्टरांनी मान वर करून बघितलं आणि मग खुर्ची ओढून स्क्रीनवर सगळं दाखवलं. आईचा १३ होता. हा प्रश्न जरूर विचारा. सोबत हे पण विचारा की मज्जारज्जूवर दाब किती आहे, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, नुसत्या रेडिएशनने भागेल का, तुम्ही आणि कॅन्सरचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बोललात का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, आमच्याकडे सुरुवातीला तिघे तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते आणि मी निरोप्यासारखा या केबिनमधून त्या केबिनमध्ये. मी शेवटी तिघांना एकमेकांशी फोनवर बोला म्हणून हात जोडले, आणि ते बोलले. अजून एक अवघड प्रश्न, किती आयुष्य धरून चाललोय. साधारण तीन महिन्यांच्या पुढे अपेक्षा असेल तर मोठ्या ऑपरेशनचा विचार करतात, त्यापेक्षा कमी वाटत असेल तर सुईचं काम, रेडिएशन आणि दुखणं थांबवणं यावर भर. हा प्रश्न आईसमोर विचारायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण तिच्यापासून आजारच लपवणं मला पटत नाही. आम्ही पहिले चार दिवस गॅप आलीय म्हणून सांगत होतो. ताईने शेवटी खरं सांगितलं तर आई म्हणाली, मला कळलं होतं गं, तुम्ही सगळे माझ्याशी एवढं गोड बोलायला लागलात तेव्हाच.

ऑपरेशनच्या आधीच्या तयारीत काही गोष्टी डॉक्टर विचारतातच पण आपण आठवण करायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, केमो शेवटची कधी झाली कारण त्यानंतर आठ-पंधरा दिवस रक्तातल्या पेशी कमी असतात, आणि कॅन्सरचं कुठलं टार्गेटेड औषध चालू आहे, त्यातली काही जखम भरू देत नाहीत. गाठ किडनी किंवा थायरॉइडची असेल तर ती रक्ताने भरलेली असते, म्हणून बऱ्याचदा एक-दोन दिवस आधी मांडीतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा बंद करतात, त्याचा खर्च आणि दिवस वेगळे धरा. रक्तदाते तयार ठेवा, आमच्या मंडळाची पोरं एका फोनवर आली, गणपतीत वर्गणी घेतात तीच पोरं.

पैशांचं. एस्टिमेट घेताना इम्प्लांट, सिमेंट, ऑपरेशन चालू असताना नसांवर मशीनने लक्ष ठेवणं, आयसीयू हे धरून आहे का ते विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी पॅकेज एक आणि इम्प्लांट वेगळं. मेडिक्लेम असेल तर अॅडमिशनच्या आधीच हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे इन्शुरन्सचं काम बघतात तिथे, कागद द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जा आणि तुमचं नेमकं ऑपरेशन बसतं का ते आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. खारघरला सेक्टर २२ मध्ये टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं सेंटर आहे आणि परळचं टाटा हॉस्पिटल तर आहेच, तिथे एका केसपेपरवर सगळे विभाग मिळतात हा मोठा आधार. फाइलमध्ये रिपोर्टच नाही तर एमआरआय आणि पेट स्कॅनच्या सीडी पण ठेवा, सर्जन रिपोर्ट वाचत नाहीत, चित्र बघतात.

ऑपरेशननंतर आईला दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं, मी घाबरलो होतो, ती नव्हती. कुशीवर वळताना ओंडका फिरवतात तसं, खांदा आणि कंबर एकदमच, पाठीला पीळ नाही. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटा. टेलर ब्रेस, म्हणजे पाठ सरळ धरून ठेवणारा पट्टा, दिला असेल तर कधी घालायचा ते लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का बघा, पुढच्या प्रत्येक एमआरआयला विचारतात.

घरी आणणं हे आमच्यासाठी ऑपरेशनएवढंच अवघड होतं. सिडकोच्या त्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळतच नाही. आम्ही आदल्या दिवशी रिकामी खुर्ची घेऊन जिना चढून बघितला, मग हात असलेल्या मजबूत खुर्चीत ब्रेस घालून बसवून, पट्ट्याने बांधून तिघांनी वर नेलं, एक मागे, दोन पुढे. ठाण्याकडून येत असाल तर विटाव्याच्या पुलाखालचं ट्रॅफिक टाळून दुपारची वेळ घ्या आणि ड्रायव्हरला सांगा की स्पीडब्रेकरला गाडी पूर्ण हळू, कितीही उशीर झाला तरी चालेल. कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा, उकिडवं बसणं बंद. बाथरूमच्या दाराचा उंबरठा, पायपुसणं, लोंबणारी वायर, हे सगळं त्याच दिवशी काढा, पडणं परवडत नाही.

दुखण्याच्या गोळ्या वेळेवर द्या, दुखल्यावर नाही. मॉर्फिन म्हटलं की आमच्याकडे सगळे दचकले, सवय लागेल म्हणून. डॉक्टरांच्या देखरेखीत कॅन्सरच्या दुखण्यासाठी ती योग्य गोळी आहे, फक्त पोट साफ व्हायचं औषध सोबतच लिहून घ्या कारण बद्धकोष्ठ होतंच. ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज, दम लागणं, पाय पुन्हा जड होणं, लघवी अडकणं, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन जा.

रेडिएशन चुकवू नका. जखम बरी आहे, दुखणं थांबलंय, आता कशाला रोज जायचं असं आईच म्हणायला लागली होती. पण गाठ आत आहेच, रेडिएशन नाही दिलं तर ती परत वाढते आणि केलेलं वाया जातं. बऱ्याचदा दहा दिवसांचं असतं, कधी एकदाच, कधी तीन-पाच वेळा जोरदार. टेबलावर सरळ, न हलता पडायचं असतं म्हणून दुखण्याची गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्या. हाडं मजबूत करायचं झोलेड्रॉनिकचं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, किडलेला दात काढायचा असेल तर आधीच, नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. हे आम्हाला रेडिएशनच्या रांगेत बसलेल्या घणसोलीच्या एका वहिनींनी सांगितलं, नंतर डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले बरोबर आहे.

आता दर तीन महिन्यांनी एमआरआय असतो. मध्ये मी रोज सकाळी चहाच्या वेळी आईला दोन्ही पायांचे पंजे वर उचलायला लावतो, अंगठे माझ्या हातावर दाबायला लावतो, दोन्हीकडे जोर सारखा आहे ना बघतो, आणि लघवी नीट झाली का विचारतो. एक मिनिट लागतं. हल्ली मी कप ठेवायच्या आधीच ती पाय पुढे करून बसलेली असते.